ऑक्सिजनचा काटा पडतोय, हे साहेबांना कोण सांगणार?

मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजनची वेगळी खोली असते. भिंतीला टेकवून, साखळीने बांधलेले जम्बो सिलिंडर दोन रांगांत उभे असतात. एक रांग चालू, दुसरी राखीव. मधोमध मॅनिफोल्ड, म्हणजे सगळे सिलिंडर एका नळीला जोडणारा सांधा, आणि त्यावर दाबाचा काटा. चालू रांग संपत आली की राखीव रांग उघडायची आणि रिकामे सिलिंडर बदलून घ्यायचे. हे काम करणारा माणूस बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतो. त्याच्या ओळखपत्रावर एजन्सीचं नाव असतं, रुग्णालयाच्या पगारपत्रकावर त्याचं नाव नसतं.

आता थोडा हिशेब. एका जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. पिशवीच्या मास्कवरचा रुग्ण मिनिटाला १५ लिटर घेत असेल तर एक सिलिंडर त्याला पावणेआठ तास पुरतो. तोच रुग्ण नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या हाय फ्लो मशीनवर गेला आणि मशीन मिनिटाला ६० लिटर शुद्ध ऑक्सिजनवर चालवावं लागलं, तर सिलिंडर दोन तासही टिकत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये देशभर टँकरची वाट पाहत बसायची वेळ आली, त्यामागे हे साधं गणित होतं.

या गणिताचे आकडे एका माणसाकडे कधीच नसतात. संध्याकाळपासून चार रुग्ण हाय फ्लोवर गेले, हे कॅज्युअल्टीतल्या, म्हणजे तातडीच्या विभागातल्या, रेसिडेंट डॉक्टरला माहीत. खाली किती सिलिंडर उरलेत, हे त्या कंत्राटी माणसाला माहीत. टँकर कुठवर आलाय, हे अधीक्षकांना माहीत. रात्री दोन वाजता काटा पाहून त्या माणसाच्या लक्षात आलं की हे पहाटे पाचपर्यंत पुरणार नाही, तर तो कुणाला फोन करेल? अधीक्षकांचा नंबर त्याच्याकडे असतो का? असला तरी लावायची हिंमत होते का? की तो सुपरवायझरला सांगेल आणि सुपरवायझर म्हणेल, "देखते हैं सुबह"?

कामाच्या जागेची संस्कृती म्हणजे काय, यावर व्यवस्थापनशास्त्रात कपाटंच्या कपाटं भरलेली आहेत. मी इंदूरच्या एका खाजगी रुग्णालयात क्वालिटी विभागात बरीच वर्षं काढली, त्यामुळे त्यातलं थोडंफार वाचणं नोकरीचाच भाग होता. पण कॅज्युअल्टीपुरतं बोलायचं तर मला एवढंच पाहावंसं वाटतं की वाईट बातमी खालून वर पोचायला किती वेळ लागतो, आणि ती सांगणाऱ्याचं पुढे काय होतं. महासाथीत कुठल्या रुग्णालयांचा निभाव लागला आणि कुठली कोलमडली, याचं बरंचसं उत्तर तिथे सापडतं.

भिंतीवरचं आणि अंगवळणी पडलेलं

एमआयटीतले प्राध्यापक एडगर शाइन यांनी १९८० च्या दशकात मांडलेली एक गोष्ट इथे फार कामाला येते. कुठल्याही संस्थेत तीन थर असतात, असं ते म्हणत. वरचा थर डोळ्यांना दिसतो: गणवेश, पिवळ्या-लाल-निळ्या कचरापेट्या, रिसेप्शनमागची पाटी. दुसरा थर बोलला जातो: ‘रुग्ण सर्वप्रथम’, ‘आम्ही एक कुटुंब आहोत’. तिसरा थर कुणी बोलत नाही आणि कुणी लिहूनही ठेवत नाही, पण प्रत्यक्षात कारभार त्याच्यावर चालतो. सर राउंडवर असताना मध्ये बोलायचं नाही. कन्सल्टंटना रात्री फोन केलाच तर आधी दोनदा माफी मागायची. सिक्युरिटीवाल्याला काय कळतंय.

हा तिसरा थर बघायचा असेल तर चहाकडे बघावं. आमच्या कॅज्युअल्टीत दुपारी चारला एकाच किटलीतून चहा यायचा. डॉक्टरांच्या खोलीत चिनी मातीचे कप, सिस्टरांच्या टेबलावर स्टीलचे पेले, आणि वॉर्डबॉय, आया, ड्रेसर यांच्यासाठी कागदी कप. असा नियम कुणी केला नव्हता. कँटीनच्या पोरालासुद्धा कुणी सांगितलं नव्हतं, तो आला तेव्हापासून तसंच होतं म्हणून तो तसंच करत होता. त्यात कुणाचा दुष्टपणा होता असं मी म्हणणार नाही. पण कागदी कपवाल्याने स्टीलच्या पेल्यांना ओलांडून चिनी मातीच्या कपांपर्यंत जाऊन "साहेब, तुम्ही ग्लोव्ह्ज बदलले नाहीत" असं सांगणं किती अवघड असेल, ते यावरून कळतं.

एरवी, म्हणजे साथ नसताना, हा तिसरा थर खपून जातो. कॅज्युअल्टीतले अनुभवी लोक त्याला वळसा घालायला शिकलेले असतात. जुनी सिस्टर नव्या रेसिडेंटला "सर, हे इंजेक्शन चुकलंय" म्हणत नाही. ती म्हणते, "सर, हे स्लो द्यायचं का?" आणि तो कागदाकडे पुन्हा बघतो. गोड बोलून चूक दुरुस्त करायची ही कला आपल्याकडच्या सिस्टरांना अवगत असते आणि तिने किती जीव वाचवले याची मोजदाद कुठेच नाही. पण या कलेला वेळ लागतो, चेहरा दिसावा लागतो, आवाज ऐकू यावा लागतो. महासाथीने नेमक्या याच गोष्टी काढून घेतल्या. अंगभर झाकणाऱ्या पीपीई किटमध्ये घामाने गॉगलवर वाफ धरलेली, दोन मास्कांआड आवाज दबलेला, समोरचा कोण आहे तेही पाठीवर मार्करने लिहिलेलं नाव वाचून कळायचं. तिथे सूचक बोलणं पोचतच नव्हतं. सांगायचं तर सरळ आणि मोठ्याने सांगायला लागायचं, आणि त्याची सवय कुणालाच नव्हती.

धावत जाणं बंद

कॅज्युअल्टीतल्या माणसाच्या अंगात मुरलेला एक संस्कार असतो: पेशंट कोसळला की धावायचं. नाव, पैसे, कागद सगळं नंतर. इंटर्नला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात, आणि जो धावत नाही त्याच्याबद्दल बाकीचे मागे काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये सांगितलं गेलं की धावायचं नाही. आधी किट घाला. छाती दाबताना आणि घशात नळी टाकताना रुग्णाच्या श्वासातले कण हवेत उडतात, म्हणून पूर्ण किट नसलेल्याने जवळ जायचं नाही, अशा सूचना जगभरातून आल्या. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही त्या एप्रिलमध्ये तसंच सांगितलं. सूचना बरोबरच होती. डॉक्टर आणि सिस्टर आजारी पडले तर पुढच्या शंभर रुग्णांचं कोण बघणार? पण किट घालायला वेळ लागतो, आणि हृदय बंद पडलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

काचेपलीकडे मॉनिटरची रेष सपाट होताना दिसत असताना शू-कव्हरची गाठ मारत बसणं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. इथे मूल्यांचा झगडा पुस्तकी राहत नाही. ‘रुग्ण सर्वप्रथम’ ही भिंतीवरची ओळ आणि ‘आधी स्वतःला सांभाळ’ हा नवा हुकूम एकमेकांसमोर उभे राहिले, आणि बहुतेक रुग्णालयांत ‘यातलं कुठलं आधी’ हे बोलून स्पष्ट करायला कुणी वरिष्ठ खाली आलाच नाही. परिपत्रक आलं. परिपत्रकाने हात थांबवता येतात, मनातलं अपराधीपण जात नाही.

जिथे एखाद्या विभागप्रमुखाने स्वतः कॅज्युअल्टीत उभं राहून सांगितलं की किटशिवाय कुणी आत गेलं तर मी त्याला बाहेर काढीन, आणि किट घालण्यात उशीर होऊन कुणी दगावलं तर त्याची जबाबदारी माझी, तिथे पोरं शांत झोपू शकली. वाईट बातमी वर जायची वाट उघडी हवी, तशी जबाबदारी वरून खाली उतरायची वाटही उघडी हवी.

इंदूरला हा पेच फार लवकर आला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पहिले रुग्ण सापडले आणि एप्रिलमध्ये शहर देशातल्या सर्वांत धोक्याच्या जागांत गणलं जाऊ लागलं. ९ एप्रिलला इथल्या एका खाजगी डॉक्टरांचा कोरोनाने मृत्यू झाला, देशातल्या अशा अगदी सुरुवातीच्या मृत्यूंपैकी एक. त्याच काळात रुग्णालयांची लाल, पिवळी, हिरवी अशी वाटणी झाली: कोरोनाचे निश्चित रुग्ण लालमध्ये, संशयित पिवळ्यात, बाकीचे हिरव्यात. कागदावर हे नीटनेटकं होतं. पण धार किंवा खरगोनहून धाप लागलेला साठीचा माणूस रात्री गाडीतून उतरतो, तेव्हा त्याच्या कपाळावर रंग नसतो. धाप हृदयाचीही असते, दम्याचीही असते, मूत्रपिंडाचीही. रंग ठरवायचं काम कॅज्युअल्टीच्या दारात उभ्या असलेल्या सर्वांत ज्युनिअर डॉक्टरवर येऊन पडलं. घेतला आणि पॉझिटिव्ह निघाला तर ‘हिरवं रुग्णालय बंद पाडलं’ म्हणून बोलणी, पाठवला आणि वाटेत गेला तर जन्माची बोचणी. अशा वेळी त्या डॉक्टरला "तू ठरव, मी तुझ्यामागे आहे" असं फोनवर म्हणणारा सिनियर आहे की नाही, यावर त्या रात्रीचं सगळं अवलंबून असायचं.

नातेवाईक गेले आणि कामाचा डोंगर दिसला

आपल्याकडच्या रुग्णालयांची एक गंमत आहे, जी परदेशी पुस्तकांत सापडत नाही. आपली रुग्णालयं अर्धीअधिक नातेवाईक चालवतात. स्ट्रेचर ढकलणं, मेडिकलमधून औषध आणणं, रक्ताचा नमुना लॅबमध्ये पोचवणं, सलाईनची बाटली संपत आली की सिस्टरला हाक मारणं, भरवणं, कुशीवर वळवणं, रात्रभर जागं राहणं. एमवायसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात झाबुआ, बडवानी, अलीराजपूरकडून येणाऱ्या रुग्णाबरोबर चार-पाच माणसं असतातच, आणि त्यांच्या गर्दीला आपण सगळे नावं ठेवतो. ही माणसं बिनपगारी कर्मचारी आहेत, हे कोविड वॉर्डाचं दार त्यांच्यासाठी बंद झालं तेव्हा समजलं.

ते सगळं काम सिस्टर आणि वॉर्डबॉयवर आलं. तेही किट घालून, सहा-सहा, आठ-आठ तास पाणी न पिता, कारण पाणी प्यायचं तर किट उतरवावं लागणार आणि किट मोजून मिळणार. वरच्या साहेबांना वाटत होतं की रुग्णांची संख्या खाटांइतकीच आहे, मग स्टाफ का ओरडतोय? खाटा तेवढ्याच होत्या, पण प्रत्येक खाटेमागचं काम दुपटीहून जास्त झालं होतं आणि ते कुठल्याच रजिस्टरमध्ये दिसत नव्हतं. वर आकडे जात होते, काम जात नव्हतं.

दुसरं म्हणजे, नातेवाईक रुग्णाचे डोळे आणि कानही असतात. "काल रात्रीपासून बाबा नीट बोलत नाहीयेत" हे मुलगी सांगते, तेव्हा ती खरं तर एक तपासणीच करत असते. ती बाहेर गेल्यावर असं बारीक लक्ष ठेवणारं कुणी उरलं नाही. काही ठिकाणी सिस्टरांनी आपापल्या फोनला प्लास्टिकच्या पिशवीत घालून रुग्णाची घरच्यांशी व्हिडिओवर गाठ घालून दिली. हे कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या प्रोटोकॉलमध्ये नव्हतं. संस्कृतीचे अभ्यासक चार प्रवृत्तींची एक चौकट वापरतात, १९८३ साली क्विन आणि रोअरबॉ यांनी मांडलेल्या विचारावर उभी राहिलेली: घरासारखं वागणारी संस्था, नवं करून पाहणारी, निकाल मागणारी आणि नियमांच्या पायऱ्यांवर चालणारी. मला या चौकटीचं फार कौतुक नाही, माणसं खणात बसत नाहीत. पण सिस्टरच्या हातातला तो पिशवीतला फोन पाहिला की एकाच कृतीत पहिल्या दोन प्रवृत्ती दिसतात. आणि नंतर "परवानगी कुणी दिली?" म्हणून तिला विचारणा होते, तेव्हा चौथी दिसते.

खाट एक, माणसं पाच

कॅज्युअल्टीत रुग्णांची वर्गवारी करतात तिला ट्रायाज म्हणतात. नेपोलियनच्या फौजेतला शल्यविशारद दोमिनिक लारे याने ती रणांगणावर बसवली. त्याचा नियम होता की जखम किती गंभीर हे बघायचं, हुद्दा बघायचा नाही. दोनशे वर्षांपूर्वीचा हा नियम आपल्याकडे आजही जरा अवघडच जातो, ते पुढे येईलच.

रोजच्या ट्रायाजमध्ये ज्याची अवस्था सर्वांत वाईट त्याला आधी घेतात. मोठ्या आपत्तीत हा नियम बदलतो. साधनं मोजकी असतात, तेव्हा ज्याला त्या साधनांचा सर्वांत जास्त उपयोग होईल त्याला आधी घ्यावं लागतं. म्हणजे अत्यवस्थ आणि वाचण्याची शक्यता जवळजवळ नसलेल्या माणसाऐवजी व्हेंटिलेटर दुसऱ्याला जाऊ शकतो. हा निर्णय क्रूर वाटतो, आहेच. म्हणूनच तो उपचार करणाऱ्या डॉक्टरने एकट्याने घ्यायचा नसतो. त्यासाठी वेगळी दोन-तीन माणसांची समिती हवी, लेखी निकष हवेत, आणि घरच्यांना सांगायला अनुभवी माणूस हवा. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये बहुतेक ठिकाणी यातलं काहीच नव्हतं. होता तो रात्रपाळीचा एक रेसिडेंट, आणि त्याच्या खिशात सारखा वाजणारा फोन.

फोनचं बोलायलाच हवं. "अमुक साहेबांचा पेशंट आहे, एक बेड बघा जरा." इंदूरमध्ये, आणि इंदूरमध्येच कशाला, सगळीकडे, ओळखीने काम होतं हे आपण गृहीत धरलेलं असतं. शाइनचा तिसरा थर तो हाच. असा फोन रेसिडेंटला थेट येतो की अधीक्षक तो आपल्यापाशीच अडवतात, यावरून मी रुग्णालयाची किंमत करते. अधीक्षकांनी फोन घेतला, नम्रपणे नाही म्हटलं आणि खाली काही कळूच दिलं नाही, तर खालची माणसं आपल्या निकषांवर विश्वास ठेवतात. फोन एकदा खालपर्यंत झिरपला की निकष संपले. मग पुढच्या वेळी वॉर्डबॉयसुद्धा आपल्या मेव्हण्यासाठी खटपट करतो, आणि त्याला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यायचा?

योग्य काय ते कळतंय पण परिस्थिती किंवा संस्था ते करू देत नाही, या अवस्थेला अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये नर्सिंगच्या संदर्भात एक नाव दिलं. मराठीत त्याला नैतिक घुसमट म्हणता येईल. ती आणि थकवा यांत फरक आहे. थकलेल्या माणसाला चार दिवस सुट्टी दिली की तो बराचसा सावरतो. घुसमटलेल्याला सुट्टीत उलट जास्त आठवतं. महासाथीनंतर अनेक रुग्णालयांनी योगशिबिरं घेतली, समुपदेशकाचा नंबर भिंतीवर लावला. वाईट काही नाही त्यात. पण ज्या सिस्टरला आपण त्या रात्री चुकीच्या माणसाला खाट दिली असं वाटतंय, तिला प्राणायामाने काय होणार? तिला कुणीतरी जबाबदार माणसाने समोर बसवून सांगायला हवं की तो निर्णय तुझ्यावर टाकायला नको होता.

फुलं, दगड आणि विमा

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाचला आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. इंदूरच्या राजवाड्यावर तर लोक मिरवणुकीसारखे रस्त्यावर उतरले. १ एप्रिलला याच शहरात टाटपट्टी बाखल वस्तीत तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. त्या पथकातल्या डॉक्टर पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या. ३ मे रोजी सैन्यदलांनी देशभरातल्या रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं उधळली.

दगडांचा बंदोबस्त करणारा अध्यादेश २२ एप्रिलला आला. साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करणाऱ्याला तीन महिने ते पाच वर्षं, गंभीर इजा केल्यास सहा महिने ते सात वर्षं कैद ठरली. त्याआधी मार्चअखेरीस कोविडच्या कामात मृत्यू आल्यास ५० लाखांचा विमा जाहीर झाला होता, आणि त्यात कंत्राटी, रोजंदारी, आउटसोर्स असे सगळे धरले होते. कागदावर ऑक्सिजनच्या खोलीतला माणूस आणि प्रोफेसर एका ओळीत आले, हे चांगलंच झालं. मरणानंतरची ही समानता जिवंतपणी मात्र एन-९५ च्या वाटपात दिसत नव्हती. डॉक्टरला एन-९५, आयांना कापडी मास्क, आणि सफाईवाल्याला "तू आत थोडाच जातोस?" आणि तो तर सगळ्यांच्या आधी आत जात होता, कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या उचलायला.

२०२१ च्या मेअखेरीस मध्य प्रदेशातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतले ज्युनिअर डॉक्टर संपावर गेले. विद्यावेतनाबरोबर त्यांची एक मागणी होती की आम्हाला आणि आमच्या घरच्यांना कोरोना झाला तर उपचार मोफत मिळावेत. ३ जूनला उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवून चोवीस तासांत कामावर परतायला सांगितलं, तेव्हा सुमारे तीन हजार जणांनी राजीनामे दिले. काही दिवसांनी संप मिटला. साथीत संप योग्य की अयोग्य, यावर घराघरांत भांडणं झाली, आमच्याही घरी झाली. माझं मत असं की आपण ज्यांच्यावर फुलं टाकली त्यांना, मला आजारपणात खाट मिळेल का, एवढं विचारायलासुद्धा संप करावा लागला, म्हणजे साध्या मार्गाने वर गेलेली बातमी कुठेतरी अडली होती.

पाच मिनिटांचा उभा-उभा जमाव

जिथे गोष्टी बऱ्या चालल्या तिथे काय वेगळं होतं? फार खर्चिक काही नव्हतं. पाळी बदलताना पाच मिनिटं सगळ्यांनी गोलाकार उभं राहायचं. सगळ्यांनी, म्हणजे डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, सफाईवाला, दारावरचा गार्ड आणि ऑक्सिजनवालासुद्धा. याला हडल म्हणतात. त्यात सर्वांत मोठा साहेब सर्वांत शेवटी बोलतो. तो आधी बोलला की बाकीच्यांना माना डोलावण्यापलीकडे काम उरत नाही. प्रश्न एकच: आज रात्री कशाची भीती वाटते? गार्ड म्हणतो, तीन नंबरच्या पेशंटची माणसं बाहेर जमतायत, पिऊन आलेत. सिस्टर म्हणते, नवी सिस्टर आहे, तिला हाय फ्लो मशीन येत नाही. ऑक्सिजनवाला म्हणतो, राखीव रांगेतले दोन सिलिंडर अर्धे आहेत. ही माहिती एरवी सकाळी मिळाली असती, घटना घडून गेल्यावर.

दुसरी सवय उलट म्हणून दाखवायची. डॉक्टर म्हणाले "ॲड्रेनलिन एक एमएल", तर सिस्टरने "ॲड्रेनलिन एक एमएल, दिलं" असं मोठ्याने म्हणायचं. मास्कांच्या जमान्यात यानेच चुका टळल्या.

तिसरी सवय थोडी धाडसाची. अमेरिकेत रुग्णालयांच्या टीमसाठी २००६ मध्ये तयार झालेल्या टीमस्टेप्स प्रशिक्षणात ती आहे. आपल्या नजरेला धोका दिसला तर दोनदा स्पष्ट सांगायचं. दोनदा सांगूनही ऐकलं नाही, तर त्याच्या वरच्याला बोलवायचं, आणि त्यासाठी कुणी नंतर कान पिळायचा नाही. आपल्याकडे ‘दोनदा सांगणं’ म्हणजे उलट उत्तर देणं. त्यामुळे हे प्रशिक्षण सिस्टरांना देऊन भागत नाही, आधी कन्सल्टंटना द्यावं लागतं. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर "बरं झालं टोकलंस" म्हटलं की दहा कार्यशाळांचं काम होतं. आमच्याकडे एका भूलतज्ज्ञांनी हे म्हटलं होतं, एका ड्रेसरला. त्या आठवड्यात अख्ख्या कॅज्युअल्टीत दुसरा विषय नव्हता.

फॉर्म वाढले तर घाबरायचं की नाही

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजल्या. अपेक्षा अशी होती की जिथे टीम चांगली तिथे चुका कमी. आकडे उलटे आले: चांगल्या टीमांमध्ये चुका जास्त नोंदलेल्या. त्यांनी खोलात जाऊन पाहिलं तर चांगल्या टीमा चुका जास्त करत नव्हत्या, त्या सांगत जास्त होत्या. बाकीच्या लपवत होत्या. टीममध्ये बोललं तर अपमान होणार नाही या भरवशाला पुढे १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी मानसिक सुरक्षितता म्हटलं, आणि आज जगभर ती कल्पना शिकवली जाते.

रुग्णालयात चूक किंवा थोडक्यात टळलेली चूक नोंदायला इन्सिडेंट फॉर्म असतो. एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाच्या मानांकनासाठी तो लागतोच. आमच्याकडे त्यावर पहिला रकाना होता: ‘जबाबदार व्यक्तीचं नाव’. महिन्याला मोजके फॉर्म यायचे, तेही बहुतेक घसरून पडलेल्या रुग्णांचे, कारण फरशीचं नाव लिहिता येतं. एका वॉर्डबॉयला मी विचारलं की बाबा, तू रोज इतकं बघतोस, लिहीत का नाहीस? तो म्हणाला, "मॅडम, फॉर्म भरूँगा तो पेशी मेरी ही होगी."

पहिली लाट ओसरल्यावर आम्ही तो रकाना काढून टाकला. त्याजागी ‘काय झालं’ आणि ‘पुन्हा होऊ नये म्हणून काय हवं’ असे दोन रकाने केले, हिंदीत, आणि लिहिता येत नसेल त्याने तोंडी सांगितलं तरी सिस्टर इन्चार्जने भरून घ्यायचं असं ठरवलं. फॉर्मांचा पाऊस पडला. संपलेली बॅटरी असलेला लॅरिंगोस्कोप (घशात नळी टाकताना लागणारा), एकसारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या बाटल्या एकाच ट्रेमध्ये, रात्री बंद असणारी लिफ्ट, किट काढायच्या खोलीत आरसा नसल्याने होणारे घोटाळे. आरसा दुसऱ्याच दिवशी बसवला. बाटल्या वेगळ्या झाल्या. लिफ्टचं प्रकरण तीन खात्यांत फिरत राहिलं.

तिमाही बैठकीत मी हे आकडे मोठ्या उत्साहाने मांडले. संचालक मंडळातल्या एका सभासदांनी आलेख पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं की आपल्याकडे चुका एवढ्या वाढल्या कशा? मी एडमंडसनबाईंचं संशोधन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या तिमाहीच्या उद्दिष्टांत क्वालिटी विभागासमोर लिहून आलं: इन्सिडेंट फॉर्मची संख्या निम्म्यावर आणणे.